मान थोडी डावीकडे

खानदेशात मी गेले ती एका लेन्ससाठी. हे ऐकून जळगावातले सगळे हसले होते, म्हणून आधीच सांगून टाकते.

पुण्यात मी ज्या फोटो स्टुडिओत काम करते, तिथल्या मालकांना एका जुन्या ओळखीच्या माणसाने एक लेन्स वापरून पाहायला दिली. पंच्याऐंशी मिलिमीटरची, एक पूर्णांक चारची. ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की ही लेन्स दूरचं जवळ आणत नाही. हवं तर आपणच दोन पावलं पुढे-मागे सरकायचं. पण तिचं तोंड इतकं मोठं, की इतर लेन्सना फ्लॅश लागतो तिथे हिला खिडकीतला उजेड पुरतो. माणसांचे चेहरे काढण्यासाठीच बनवलेली. मालक म्हणाले, "आठ दिवस घेऊन जा. अंधाऱ्या घरातले चेहरे काढ, पुण्यातल्या गॅलरीतले नको. मग सांग ठेवायची का."

माझी कॉलेजातली मैत्रीण शोभा लग्नानंतर जळगावला गेली होती आणि दरवर्षी पत्रात लिहायची, थंडीत ये, भरीत खायला ये. मी गेल्या डिसेंबरात तिला तार केली आणि निघाले.

जळगाव

पहिल्याच सकाळी शोभा मला भाजीबाजारात घेऊन गेली. भरताची वांगी इथे पुण्यासारखी जांभळी नसतात. हिरवट पांढरी, लहान दुधीएवढी, हातात घेतली की हलकी लागतात. शोभा प्रत्येक वांगं उचलून तोलत होती आणि मी बाजाराच्या पत्र्याखालच्या अर्धवट उजेडात भाजीवाल्या बायकांचे फोटो काढत होते. गळ्यात कॅमेरा लटकवलेली बाई त्यांनी याआधी पाहिली नसावी. एकीने शेजारणीला कोपराने ढोसलं आणि मला विचारलं, "बाई, उजेड नही पडना. फोटो कसा यी?"

"येईल," मी म्हटलं.

"यी तं दखाडजो," ती म्हणाली, आणि पदर नीट करून बसली.

तो रोल मी त्याच दुपारी धुतला. शोभाचा नवरा सुरेश शाळेत चित्रकला शिकवतो. त्याच्या ओळखीने स्टेशन रस्त्यामागच्या एका छोट्या स्टुडिओची डार्करूम मला वापरायला मिळाली होती. स्टुडिओचे मालक रशीदभाई साठीचे, शांत गृहस्थ. ओली फिल्म त्यांनी दिव्यासमोर धरली, भिंग लावलं आणि म्हणाले, "लेन्स अच्छी है ताई, पण बघा, नाक साफ आहे आणि डोळे धुवून गेलेत."

खरंच होतं ते. एवढं मोठं तोंड उघडलं की लेन्सला जेमतेम बोटाच्या पेराएवढी खोली स्पष्ट दिसते. डोळ्यावर नेम धरावा आणि समोरच्या माणसाने श्वास घ्यावा, की नेम कानावर गेलाच. छत्तीसपैकी चार फोटो बरे आले होते. ती भाजीवाली त्यातल्या एकात होती. दुसऱ्या दिवशी मी तिला तो दाखवला, तेव्हा तिने आधी मागे वळून पाहिलं, बाकीच्या बघतायत ना याची खात्री केली, आणि मग फोटो हातात घेतला.

त्या रात्री जेवताना सुरेशने भीत भीत विषय काढला. एदलाबादजवळ त्याचे मामा राहतात, त्यांना सगळे आबा म्हणतात. केळीचे बागायतदार. त्यांच्या मुलीचा, सुमनचा, एक फोटो काढून हवा होता. धुळ्याच्या एका स्थळाला पाठवायचा होता.

"गावात फोटोवाला नाही का?" मी विचारलं.

शोभा आणि सुरेशने एकमेकांकडे पाहिलं. "आहेत," शोभा म्हणाली. "तिचा फोटो येत नाही."

एदलाबादकडे

भुसावळ सोडलं की गाडीच्या दोन्ही बाजूंना केळी सुरू होतात. पुण्याच्या माणसाला केळीचं झाड म्हणजे परसात न्हाणीशेजारी उभं असलेलं एक. इथे ती फौजेसारखी रांगेत उभी होती, बांधाला शेवरीची कुंपणं, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. डिसेंबर असूनही ऊन डोळ्यांत शिरत होतं. मुक्ताबाईच्या देवळाकडे जाणारे लोक उतरले तिथे मीही उतरले. आबांचा ट्रॅक्टर न्यायला आला होता. ट्रॉलीत बसून कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर धरून मी चार मैल धूळ खाल्ली.

आबा दारातच उभे होते. उंच, सावळे, पांढरी टोपी. "पुन्याहून आल्या? बसा. भाकर खाल्ल्याबिगर कामाचं नाव घेऊ नका," ते म्हणाले.

भरताचा बेत शेतातच होता. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, साल काढून लाकडी बडगीत घातली आणि हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाण्यांबरोबर ठेचली. सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची पुरी आणि कांद्याची पात. आमच्याकडे भरतात दही घालतात असं मी बोलून गेले आणि वाढायला आलेल्या शेजारच्या काकू थबकल्याच. "दही?" त्यांनी विचारलं, जणू मी साबण म्हटलं होतं.

सुमन जेवायला शेतात आली नव्हती. ऊन उतरल्यावर घरी गेलो, तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

चोवीस वर्षांची. केस पिकल्या कणसाच्या रंगाचे, भुवया आणि पापण्या त्याच रंगाच्या, कातडी इतकी गोरी की गळ्यावरची शीर दिसावी. जन्मतःच अंगात रंग कमी. गावात तिला भुरी म्हणत, काहीजण कोड समजत, तिच्या हातचं पाणी टाळत. उजेड तिला सोसत नसे. दारातून उन्हाचा पट्टा आत येत होता, तो ओलांडताना तिने कपाळावर हात धरला आणि डोळे घट्ट मिटले. ओसरीत ती बालवाडी चालवत असे. मुलं मांडीला मांडी लावून बसायची आणि ती पुस्तक नाकाशी धरून गोष्ट वाचायची.

आबांनी ट्रंकेतून जुने फोटो काढले. पाच-सहा असतील. फ्लॅश उडताच डोळे मिटलेले, चेहरा आक्रसलेला, पांढऱ्या चेहऱ्याचा नुसता कागद झालेला. एकच फोटो वेगळा होता. त्यात केस काळेभोर, भुवया रेखीव, डोळे मोठे. मला वाटलं बहीण असेल.

"हीच हाये," आबा म्हणाले. "जळगावले रंगवून आनला होता. तुम्ही साधा काढा, तो आपण तसाच रंगवून घेऊ." मग सुमन आत गेल्यावर आवाज उतरवून म्हणाले, "ताई, मी काई कोणाले फसवू राह्यलो नाही. सात जागी साधा फोटो धाडला, साती ठिकाणाहून टपालानेच परत आला. माणूस एकदा घरी तरी आला पाह्यजे. ती बोलते कशी, वागते कशी, हे त्यानं पाह्यलं तं पाह्यजे का नाही? फोटोच दाराशी आडवा येतो."

त्यांच्या म्हणण्यात खोट काढता येईना. मी हो म्हटलं.

ओसरीचं दार अर्धं लावून घेतलं, खिडकीवर धोतर टांगलं, आणि सुमनला पाटावर बसवलं. त्या मंद उजेडात तिने हळूहळू डोळे उघडले. फिकट राखाडी, कडेला किंचित जांभळट. मी नेम धरला आणि माझ्या लक्षात आलं की ते स्थिर नाहीत. डावी-उजवीकडे, डावी-उजवीकडे, बारीक थरथरत होते. ते तिला थांबवता येत नव्हते आणि माझ्या लेन्सला पेरभर खोलीची मुभा होती.

"सरळ बस हं," मी म्हणत राहिले. "हनुवटी वर. मान सरळ. बस, अशीच."

ती बसली. छत्तीस फोटो झाले. शेवटी शेवटी तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला कॅमेऱ्यातून दिसत होती. कॅमेरा खाली ठेवला तेव्हा मला ठाऊक होतं, यातलं काही हाती लागणार नाही.

केळीच्या बागेत

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमनच म्हणाली, "बागेत येता? तिथे मला बरं वाटतं."

घरामागच्या केळी वाढून डोक्यावर मिळाल्या होत्या. आत शिरलो आणि ऊन बाहेरच राहिलं. वर पानांचं छत, खाली ओली माती, मधे सगळा हिरवट, गार उजेड. सुमनने डोक्यावरचा पदर काढला आणि भरभर चालू लागली. मी मात्र पाटाच्या पाण्यात पाय घालून घसरले आणि कॅमेरा वाचवताना कोपरापर्यंत चिखलात गेले. ती पहिल्यांदा मोठ्याने हसली. मग पाटाच्या पाण्याने माझा हात धुऊन दिला.

एका आडव्या पडलेल्या केळीच्या खुंटावर आम्ही बसलो. ती म्हणाली, "आबांनी तुम्हाला तो काळ्या केसांचा फोटो दाखवला ना?"

"हो."

"तो पाहून लोक आले होते. दोन वर्षं झाली. चार माणसं, त्यात एक बाई. मी चहा घेऊन बाहेर गेले. ट्रे पुढे केला, तर ती बाई माझ्या खांद्यावरून आत पाहू लागली. फोटोतली मुलगी अजून यायची आहे असं वाटलं तिला." तिने दोन्ही हात ट्रे धरल्यासारखे पुढे केले. "मी ट्रे धरून उभी. मग आबांनी सांगितलं, हीच. तेव्हा त्या बाईचा चेहरा... आबांनी तो पाहिला नाही. ते खाली बघत होते. मी पाहिला."

तिने खाली पडलेलं केळीचं पान उचललं.

"मला रंगवलेला फोटो नको, ताई. आबांना मी सांगू शकत नाही. ते रडतात."

मी कॅमेरा काढला. नेम धरला आणि सवयीने म्हणाले, "मान सरळ—"

"एक सांगू?" ती म्हणाली. "मान थोडी डावीकडे वळवली आणि उजवीकडून पाहिलं ना, की माझे डोळे कमी हलतात. अक्षरं पण तशीच वाचते मी. शाळेत मास्तर छडीने मान सरळ करायचे. फोटोवाले पण करतात."

"मग तशीच बैस," मी म्हटलं. मला कालच्या छत्तीस फोटोंची लाज वाटत होती.

तिने मान वळवली. हनुवटी जरा आत, नजर कोपऱ्यातून माझ्याकडे. डोळे शांत झाले. पूर्ण नाही, पण वाऱ्याने हललेलं पान पुन्हा जागेवर यावं तसे. मी मागे-पुढे सरकत राहिले, श्वास रोखून एकेक फोटो काढला. मी चिखलात गुडघ्यावर बसले होते आणि ती मला बालवाडीतल्या एका मुलीची गोष्ट सांगत होती, जी रोज डब्यातली अर्धी भाकर पाटीखाली लपवून ठेवते.

पुन्हा जळगाव

पहिला रोल पूर्ण वाया गेला होता. छत्तीस ताठ माना, छत्तीस पुसट डोळे. दुसरा रोल मी रशीदभाईंच्या हातात दिला. लाल दिव्याखाली त्यांनी कागद औषधात सोडला आणि ट्रे हलवत राहिले. आधी केस उमटले, मग गालाची कड, मग डोळे.

दोन फोटो साधले होते. एकात ती बोलता बोलता थांबली होती. दुसऱ्यात हसू यायच्या बेतात होतं. पापण्यांचा एकेक फिकट केस मोजता येत होता आणि मागची केळी विरघळून नुसता उजेड झाली होती.

रशीदभाई बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ह्या पोरीला मी ओळखतो. तिचे केस मीच काळे केले होते. बारीक ब्रश, तीन दिवस काम. तेव्हा डोळे मिटलेले होते, तेपण मीच काढले. दुसऱ्या एका फोटोवरून."

फोटो रंगवून द्या, अशी आबांनी निघताना दिलेली चिठ्ठी मी त्यांना दिली; तयार फोटो पुण्याला परतताना मीच धुळ्याला पोचवायचा होता. त्यांनी चष्मा लावून वाचली, पेटी उघडली, ब्रश आणि काळा रंग बाहेर काढला. आबांचं गिऱ्हाईक जुनं होतं. एका प्रतीवर त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम केलं आणि काम सुरेखच केलं. केस काळे, भुवया काळ्या, मान तेवढी जशीच्या तशी. दोन्ही फोटो शेजारी ठेवले.

"हात माझा चांगला आहे अजून," रशीदभाई म्हणाले. मग रंगवलेल्या फोटोवर बोट टेकून, "पण ताई, ह्या बाईचं नाव काय? मला नाही माहीत." त्यांनी दोन पाकिटं केली, एकावरही काही लिहिलं नाही, आणि माझ्या हातात दिली. "नेणार तुम्ही. आबा म्हणतील तो द्या, पोरगी म्हणेल तो द्या. मी दोन्ही केलेत."

धुळे

एरंडोल, पारोळा करत गाडी धुळ्याला पोचेपर्यंत मी त्या दोन पाकिटांचाच विचार करत होते. मध्ये एका धाब्यावर गाडी थांबली तेव्हा शेवभाजी मागवली. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून, आणि शेजारच्या बाकावरचा ड्रायव्हर स्वतःचं ताकाचं भांडं न बोलता माझ्याकडे सरकवून मोकळा झाला. पुण्याचं तिखट खाऊन मला तिखटाची सवय आहे असा माझा समज होता.

धुळ्यात त्यांचं घर आग्रा रोडच्या आतल्या बाजूला, पुढे वेल्डिंगचं वर्कशॉप, मागे दोन खोल्या. मुलाचं नाव दिलीप. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं बनवतो. वडील नाहीत. आई, जिला सगळे अक्का म्हणतात, दारातल्या खाटेवर मिरच्यांचे देठ काढत बसली होती.

"फोटोवाली बाई शे का! माले वाटनं कोनी मानूस यी," ती म्हणाली आणि खाटेवर जागा केली.

मी पिशवी उघडली. दोन्ही पाकिटं हाताला लागली. आबांचा खाली वाकलेला चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि हातात ट्रे धरून उभी असलेली सुमनही. मी साधा फोटो काढून अक्कांच्या हातात दिला. मग म्हणाले, "आणखी एक गोष्ट सांगते. तिच्या वडिलांनी दुसरा फोटो द्यायला सांगितलं होतं, केस रंगवलेला. तो माझ्याकडे आहे. तो मी देत नाही, कारण मुलीची तशी इच्छा नाही. वडिलांना हे अजून माहीत नाही."

अक्कांनी फोटो उजेडात धरला. "बठ्ठा केस धवया शेतस?" सगळे पांढरे?

"सोनेरी म्हणा. जन्मापासून."

"पोरे बी असाच व्हतीन का?"

"मला माहीत नाही, अक्का. डॉक्टरला विचारायला हवं."

त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. देठ काढायचं काम पुन्हा सुरू केलं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात दिलीप वर्कशॉपमधून आत आला. हातमोजे काढून त्याने फोटो कडेने धरला, डाग पडू नये म्हणून.

"मान अशी का वळवली आहे?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. उजेडाचं, थरथरणाऱ्या डोळ्यांचं, वाचण्याचं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "वेल्डिंगची चमक लागते आम्हाला कधी कधी. काच न लावता चुकून पाहिलं तर. मग दिवसभर डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं, कोणी दिवा लावला तरी मारावंसं वाटतं." तो फोटोकडे पाहत राहिला. "त्यांना रोजच तसं होतं?"

"रोज," मी म्हटलं.

"आणि बालवाडी चालवतात?"

"चालवते."

"आई," तो म्हणाला, "रविवारी जाऊन येऊ."

अक्कांनी पुढची मिरची उचलली. पण मी निघताना त्यांनी फोटो परत दिला नाही. तो त्यांनी पोथीच्या फडक्यात गुंडाळला.

बसस्टँडवर बसून मी आबांना पोस्टकार्ड लिहिलं. काय केलं ते सगळं लिहिलं, कारण द्यायचा प्रयत्न केला नाही. दोन आठवड्यांनी पुण्याला उत्तर आलं. अक्षर थोरलं, शाई पसरलेली. "तुम्ही जे केलं ते मला आवडलं नाही. माझ्या घरची गोष्ट होती. ते लोक रविवारी येऊन गेले. मुलगा सुमनशी दोन तास बोलला. त्याची आई काही बोलली नाही, पण तीन वेळा भाकर मागून घेतली. तुम्ही केलेलं मला अजून आवडलेलं नाही."

मे महिना

लेन्स मालकांनी ठेवून घेतली. मी त्यांना म्हटलं होतं की ती चांगली आहे, पण माणसाला ती घाई करू देत नाही, आणि हेच त्यांना पुरेसं वाटलं.

सुमनची पत्रं येत होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी अक्कांना बसवून समजावलं होतं, की हा रोग नव्हे, स्पर्शाने लागत नाही. मुलांचं खात्रीने सांगता येत नाही, पण शक्यता कमी. मग अक्कांचा निरोप आला, पसंत आहे, फक्त लग्नाच्या दिवसापुरते केस काळे करा, एवढे लोक येणार. सुमनने लिहिलं होतं, "मी नाही म्हटलं. आबा चार दिवस जेवले नाहीत. मी दिलीपना सरळ पत्र टाकलं, की एका दिवसासाठी मी दुसरी कोणी झाले तर दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी कोण येईल?" महिनाभर काही कळलं नाही. मग लग्नाची पत्रिका आली. मुहूर्त सूर्य मावळतानाचा.

मे महिन्यातला खानदेश मी आधी पाहिला नव्हता. एसटीच्या खिडकीची सळई हाताला चटका देत होती. गावाच्या बाहेर केळीही माना टाकून उभ्या होत्या. आबांनी मला मांडवाच्या दारात पाहिलं, जवळ आले, माझी बॅग स्वतः उचलली. "जेवल्या का?" एवढंच म्हणाले. त्यात सगळं आलं.

भुसावळहून व्हिडिओवाला बोलावला होता. आजकाल त्याशिवाय लग्न लागत नाही. खांद्यावर भला मोठा कॅमेरा, मागे वायर धरणारा माणूस, आणि काठीला बांधलेला हॅलोजनचा दिवा. त्या कॅमेऱ्याला ढीगभर उजेड लागतो. दिवा नसेल तर पडद्यावर काळोख. मी त्याला आधीच सांगितलं होतं, नवरीच्या तोंडावर दिवा मारू नका. त्याने मान हलवली होती.

ऊन उतरलं. मांडवात पिवळ्या बल्बांच्या माळा लागल्या. सुमन मामाचा हात धरून आली. हिरवी साडी, उघडेच ठेवलेले ते सोनेरी केस, त्यात मोगरा. पाहुण्यांत कुजबूज झाली. तिने मान थोडी डावीकडे वळवली आणि चालत आली. मी अंतरपाटाच्या बाजूला गुडघ्यावर बसून नेम धरला होता, मला तो मंद उजेड पुरत होता.

मंगलाष्टकं सुरू झाली. आणि व्हिडिओवाल्याने दिवा लावला.

सबंध मांडव पांढरा झाला. सुमनचा चेहरा आक्रसला, डोळे मिटले. तिने कपाळावर हात नेला. दिलीप अंतरपाटापलीकडे, त्याला दिसत नव्हतं. मी उठायच्या आत पाहुण्यांच्या गर्दीतून एक आवाज आला, मंगलाष्टकांच्या वर.

"ए! तो दिवा बंद कर पहिले! मनी सूनना डोया दुखतस!"

अक्का. पदर खोचून त्या दोन माणसांना बाजूला सारत पुढे आल्या होत्या. व्हिडिओवाला म्हणाला, "अक्का, दिवा नसेल तर कॅसेटवर काही दिसणार नाही, अक्षता पडताना तर—"

"नको दिखो!" अक्का म्हणाल्या आणि स्वतःच वायर ओढली.

बल्बांचा पिवळा उजेड परत आला. भटजी क्षणभर थांबले होते, ते पुन्हा सुरू झाले. सुमनने हळूहळू डोळे उघडले, मान वळवली, आणि अंतरपाट खाली आला तेव्हा तिने दिलीपकडे सरळ पाहिलं. आबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. टोपी हातात.

माझे फोटो चांगले आले. पण पत्रात सुमनने ज्याबद्दल लिहिलंय ते त्या कॅसेटबद्दल. अक्कांनी शेजारच्यांचा व्हीसीआर मागून आणला आहे आणि आल्या-गेल्याला कॅसेट दाखवतात. पाहुणे येतात, जेवणावळ दिसते, वरात दिसते, मग दिवा लागतो, अक्कांचा आवाज येतो, आणि पडदा काळा होतो. त्यात नुसते आवाज. भटजींचे, बायकांचे, तांदूळ पडल्याचे, मग ताशांचे.

दर वेळी कोणी तरी विचारतंच, टीव्ही बिघडला का?

आणि अक्का हात वर करून सगळ्यांना गप्प करतात. "बिघडना नही," त्या म्हणतात. "आते लगीन लागी राह्यनं. आयका."